मैदानावर वाजवणाऱ्या मुलांच्या प्रकृतीची जबाबदारी कोणाची?

वाचकांचे प्रश्न आणि डॉक्टरांची उत्तरे

अमेरिकेतील विद्यापीठांच्या मार्चिंग बँडमध्ये वाजवणाऱ्या मुलामुलींविषयीची पत्रे या सदराकडे वारंवार येऊ लागली आहेत, म्हणून या वेळची सगळी जागा त्याच विषयाला दिली आहे. ज्यांनी हा बँड पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, फुटबॉल सामन्याच्या आधी आणि मध्यंतरात शे-दोनशे, काही ठिकाणी तीनशेहूनही अधिक विद्यार्थी वाद्ये अंगावर घेऊन, पाठ केलेले संगीत वाजवत आणि पावलांचा हिशेब न चुकवता मैदानभर आकृत्या साकारतात. त्याची तयारी ऑगस्टमधील दिवसभराच्या शिबिरांनी सुरू होते आणि हंगाम संपेपर्यंत आठवड्यातील अनेक संध्याकाळी चालते. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचा मुलगा टेक्सासमधील एका विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला असून बँडमध्ये सूझाफोन हे अंगाभोवती घ्यायचे अवजड पितळी वाद्य वाजवतो. सरावात उलट्या पावलांनी चालताना त्याचा घोटा मुरगळला. मैदानाला लागूनच असलेल्या क्रीडा-वैद्यक केंद्रात तो लंगडत गेला, तेव्हा हे केंद्र केवळ संघातील खेळाडूंसाठी आहे असे सांगून त्याला परत पाठवण्यात आले. विद्यापीठाचा दवाखाना तोवर बंद झाला होता. शेवटी मित्रांनी त्याला रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात नेले आणि आता आमच्याकडे मोठे बिल आले आहे, कारण आमचा विमा न्यू जर्सीचा आहे. असे का होते, आणि आता आम्ही काय करावे?
एक आई, न्यू जर्सी

उत्तर : तुमच्या मुलाला ज्यांनी परत पाठवले त्यांनी बहुधा नियमच पाळला, आणि खरे दुखणे त्या नियमातच आहे. महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेचे वैद्यकीय सेवेविषयीचे सर्व नियम 'विद्यार्थी-खेळाडू' या वर्गापुरते आहेत. खेळाडूला हंगामापूर्वी तपासणी मिळते, सरावाच्या जागी ॲथलेटिक ट्रेनर, म्हणजे दुखापती टाळण्याचे आणि त्यांवर प्रथमोपचार करण्याचे प्रशिक्षण घेतलेला आरोग्यकर्मी, मिळतो, गंभीर दुखापतीसाठी वेगळा विमा मिळतो, आणि दुखापतीनंतर मैदानात केव्हा उतरायचे हे वैद्यकीय चमू ठरवतो. प्रशिक्षकाला तो निर्णय फिरवता येत नाही. बँड मात्र बहुतेक ठिकाणी संगीत विभागाच्या अखत्यारीत असतो. तो अभ्यासक्रमाचा भाग असतो, त्याला श्रेयांक असतात आणि उपस्थितीवर गुण असतात. त्यामुळे त्याच मैदानावर, त्याच उन्हात, दहा-पंधरा किलोंचे आणि कधी त्याहून जड वाद्य खांद्यावर घेऊन तासन् तास चालणारा मुलगा कागदोपत्री वर्गात बसलेला विद्यार्थी ठरतो. काही विद्यापीठांनी आपल्या बँडसाठी स्वतंत्र ॲथलेटिक ट्रेनर नेमले आहेत आणि हा बदल अतिशय स्वागतार्ह आहे, परंतु तो अजून सार्वत्रिक झालेला नाही.

आता तुमच्या बिलाकडे वळू. 2010 च्या आरोग्यविमा कायद्यामुळे मुलांना वयाच्या 26 व्या वर्षापर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहता येते, आणि बहुतेक कुटुंबे या सोयीवर निश्चिंत असतात. मात्र विमा असणे आणि तो मुलाच्या गावात उपयोगी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एचएमओ पद्धतीच्या अनेक योजनांमध्ये आपल्या भागातील ठरावीक डॉक्टरांबाहेर केवळ तातडीचे उपचारच धरले जातात. पुढची फिजिओथेरपी किंवा अस्थितज्ज्ञाची भेट धरली जात नाही. तातडीच्या उपचारांबाबत मात्र कायदा तुमच्या बाजूचा आहे. एखाद्या समंजस सामान्य माणसाला ज्या स्थितीत तातडीची गरज वाटली असती ती स्थिती तातडीचीच मानली जाते, त्यामुळे हाड मोडल्याच्या शंकेने मुलगा रुग्णालयात गेला आणि निदान केवळ मुरगळण्याचे झाले, एवढ्यावरून विमा कंपनीला दावा फेटाळता येत नाही. शिवाय 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या नो सरप्राइजेस कायद्यानुसार तातडीच्या विभागातील उपचारांसाठी, रुग्णालय योजनेच्या यादीबाहेरचे असले तरी, यादीतील रुग्णालयात तुम्हाला जेवढा वाटा भरावा लागला असता त्याहून अधिक तुमच्याकडून घेता येत नाही. विमा कंपनीने पाठवलेले लाभविवरण, म्हणजे कंपनीने किती भरले आणि तुमचा वाटा किती हे सांगणारे पत्र, आणि रुग्णालयाचे बिल शेजारी ठेवून पाहा. आकडे जुळत नसतील तर पैसे भरण्याआधी दोन्हीकडे लेखी हरकत नोंदवा. रस्त्यावरून जाणारी रुग्णवाहिका मात्र या कायद्यात येत नाही, ही त्यातली मोठी उणीव आहे.

पुढच्या सत्रापूर्वी विमा कंपनीला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात असे मी सुचवते: मुलाच्या विद्यापीठाच्या परिसरात यादीतील कोणते अर्जंट केअर, म्हणजे वेळ न ठरवता जाता येणारा दवाखाना, संध्याकाळी सातनंतर उघडे असते, तेथे फिजिओथेरपी कोठे मिळेल, आणि परगावी शिकणाऱ्या मुलांसाठी तात्पुरती स्थानिक सेवा देण्याची काही तरतूद योजनेत आहे का. उत्तरे समाधानकारक नसतील तर विद्यापीठाचा विद्यार्थी-विमा नाकारण्याचा अर्ज घाईने भरू नका. ती मुदत सत्राच्या आरंभीच्या काही आठवड्यांतच संपते. विद्यार्थी-व्हिसावर आलेल्या ज्या मुलांना विद्यापीठाच्याच विम्यावर अवलंबून राहावे लागते त्यांनी त्यातील वगळलेल्या बाबींचे पान अवश्य वाचावे. आंतरमहाविद्यालयीन खेळातील दुखापती अनेक योजनांमध्ये वगळलेल्या किंवा मर्यादित असतात, आणि बँडमधील दुखापत त्यात मोडते की नाही हे आधी विचारून लेखी घेतलेले बरे.

घोट्याविषयी एक व्यावहारिक खूण सांगते. दुखापतीनंतर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या मागच्या कडेवर अथवा टोकावर दाबल्यावर हाड दुखत असेल, तर एक्स-रे काढायला हवा. पायाच्या करंगळीच्या बाजूला मधोमध असलेले हाड दाबल्यावर दुखत असेल तरीही तेच लागू होते. यांपैकी काहीच नसेल तर बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवून सकाळी दवाखाना उघडेपर्यंत थांबणे सहसा सुरक्षित असते.

प्रश्न : मी जॉर्जियात शिकते आणि आमच्या बँडमध्ये क्लॅरिनेट विभागाची प्रमुख आहे. गेल्या ऑगस्टच्या शिबिरात माझ्या विभागातील एक मुलगा दुपारी अडखळत चालू लागला, विचारले तर असंबद्ध बोलू लागला आणि मग खाली बसला. त्याला सावलीत बसवून पाणी दिले गेले आणि सराव पुढे चालू राहिला. तो सुदैवाने बरा झाला. परंतु अशा वेळी नेमके काय करायला हवे होते, हे आम्हाला कोणीच सांगितलेले नाही. या वर्षीही त्या वीस जणांची जबाबदारी माझ्यावरच आहे.
एक विद्यार्थिनी, जॉर्जिया

उत्तर : हा या वेळच्या टपालातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण श्रमजन्य उष्माघात जीव घेऊ शकतो आणि वेळेवर योग्य उपचार झाले तर त्यातून रुग्ण जवळजवळ नेहमी वाचतो. तुमच्या सहकाऱ्याची तीन लक्षणे तुम्ही स्वतःच लिहिली आहेत: तोल जाणे, असंबद्ध बोलणे, खाली बसणे. उन्हात श्रम करणाऱ्या माणसाच्या बोलण्यात किंवा वागण्यात असा फरक पडला की तो नुसता थकवा नसून उष्माघात आहे असे धरूनच वागायचे असते. चिडचिड, गोंधळ, भलतेच उत्तर देणे, विनाकारण भांडणे हेही त्यातच आले. उष्माघातात त्वचा कोरडी पडते हा समज येथे घातक ठरतो. श्रम करताना झालेल्या उष्माघातात रुग्ण अनेकदा घामाने निथळत असतो.

अशा वेळी 911 या आपत्कालीन क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करायचा आणि रुग्णवाहिकेची वाट न पाहता त्याच जागी शरीर थंड करायला सुरुवात करायची. गणवेश, टोपी, बूट, वाद्याचे पट्टे काढून त्याला मानेपर्यंत बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवायचे, एकाने मागून काखेत हात घालून डोके पाण्याबाहेर धरायचे आणि दुसऱ्याने पाणी ढवळत राहायचे. शरीराच्या आतील तापमान अशा रुग्णात 40 अंश सेल्सिअसच्या वर गेलेले असते, आणि ते अर्ध्या तासाच्या आत 39 अंशांच्या खाली आणणे हे ध्येय असते. मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांचे नुकसान तापमान किती वर गेले यापेक्षा ते किती वेळ वर राहिले यावर अधिक अवलंबून असते, म्हणूनच आधी थंड करा आणि मग हलवा हा या बाबतीतला मान्य क्रम आहे. टब नसेल तर बर्फाच्या पाण्यात बुडवलेले टॉवेल डोक्यापासून पायांपर्यंत गुंडाळून दर मिनिटा-दोन मिनिटांनी बदलायचे आणि वरून गार पाणी ओतत राहायचे. कपाळावर धरायच्या किंवा कानातल्या तापमापकावर विसंबू नका. श्रमानंतर तो खोटा दिलासा देतो. गुदमार्गातून घेतलेले तापमानच विश्वसनीय असते आणि ते घेणे प्रशिक्षित व्यक्तीचे काम आहे. तशी व्यक्ती जागेवर नसेल तर वागण्यातील बदल हीच खूण पुरेशी मानावी.

सावलीत बसवून पाणी देणे हा साध्या थकव्यावरचा उपाय आहे. भान हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालणे तर धोक्याचेच. भानावर असलेल्यानेही तहान नसताना लिटरच्या लिटर पाणी रिचवू नये, कारण त्यामुळे रक्तातील सोडियम घसरून वेगळेच संकट ओढवते.

हे झाले प्रसंग ओढवल्यावरचे. तो टाळण्याची जबाबदारी तुमच्यासारख्या एकोणीस-वीस वर्षांच्या विभागप्रमुखावर टाकणे मला मुळीच मान्य नाही, ती विद्यापीठाची आहे. तरीही काय मागायचे हे तुम्हाला ठाऊक असावे म्हणून लिहिते. उष्णतेची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. शिबिराच्या पहिल्या काही दिवसांत सराव लहान ठेवावा, हलक्या कपड्यांत करावा, आणि पूर्ण गणवेश चढवून वाजवण्याची पाळी सवय झाल्यानंतरच यावी. सराव थांबवण्याचा निर्णय साध्या तापमानावर घेऊ नये. तापमान, आर्द्रता, वारा आणि ऊन हे चारही मोजणारा डब्ल्यूबीजीटी नावाचा निर्देशांक त्यासाठी वापरतात आणि क्रीडा विभागाकडे त्याचे यंत्र बहुधा असतेच. कृत्रिम हिरवळ खऱ्या गवताहून पुष्कळ अधिक तापते हेही ध्यानात घ्यायला हवे. कनेक्टिकट विद्यापीठात 2010 साली स्थापन झालेली कोरी स्ट्रिंगर इन्स्टिट्यूट ही संस्था याच विषयावर काम करते. 2001 साली संघाच्या सरावशिबिरात उष्माघाताने मृत्यू पावलेल्या व्यावसायिक फुटबॉलपटूचे नाव तिला दिलेले आहे. तिचे मार्गदर्शन बँडच्या संचालकांसमोर ठेवण्याजोगे आहे.

तुमच्या विभागातील काहींना इतरांपेक्षा अधिक धोका असतो. नुकताच ताप किंवा जुलाब होऊन गेलेला, रात्रभर न झोपलेला, शिबिरासाठी थंड प्रदेशातून नुकताच आलेला, लक्ष एकाग्र होण्यासाठी उत्तेजक वर्गातील औषध किंवा सर्दीसाठी ॲलर्जीविरोधी गोळी घेणारा विद्यार्थी लवकर तापतो. त्यांनी औषधे बंद करावीत असे मी म्हणत नाही. आपल्या डॉक्टरांशी शिबिराआधी बोलावे एवढेच सांगते. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा एकच जनुक असलेली व्यक्ती एरवी पूर्ण निरोगी असते, पण उन्हात अतिश्रम झाल्यास कोसळू शकते. 2006 साली टेक्सासमधील राइस विद्यापीठाचा एक फुटबॉल खेळाडू असाच दगावला, आणि त्यानंतर 2010 पासून एनसीएएने पहिल्या श्रेणीतील खेळाडूंची याविषयीची माहिती घेण्याचा नियम केला. तो बँडला लागू नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय समाजात जन्मणाऱ्या साधारण तेरा बालकांपैकी एकात हा जनुक असतो. भारतातही काही समाजांत, विदर्भातही, तो आढळतो. एका साध्या रक्ततपासणीने तो कळतो.

आणखी एक विचारा: सरावाच्या मैदानाचा आपत्कालीन आराखडा लेखी आहे का? 911 ला कोण बोलावणार, रुग्णवाहिका कोणत्या फाटकातून आत येणार, त्या फाटकाची किल्ली कोणाकडे, आणि बंद पडलेले हृदय सुरू करणारे एईडी यंत्र किती अंतरावर आहे, हे त्यात असते. फुटबॉलच्या मैदानासाठी असा आराखडा तयार असतो. बँडचा सराव अनेकदा वाहनतळावर चालतो, आणि तेथला पत्तासुद्धा मुलांना सांगता येत नाही.

प्रश्न : मी ओहायओत स्नेअर ड्रम वाजवते. महिनाभर दोन्ही नडग्या दुखत आहेत, उजवी अधिक. विद्यापीठाच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी पाच मिनिटांत तपासून बँड सोडायला सांगितले. मी सोडणार नाही, म्हणून परत गेलेही नाही. आता जिना उतरतानाही कळ येते. राखीव वादक माझ्या जागेची वाट पाहत आहेत, त्यामुळे विभागात कोणाला सांगितलेले नाही.
एक वादक

उत्तर : सर्वप्रथम उजव्या पायाविषयी. दुखणे जर नडगीच्या एका बोटाएवढ्या जागी एकवटले असेल, त्या पायावर उडी मारल्यावर कळ येत असेल, किंवा रात्री स्वस्थ पडल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चरची शक्यता धरून या आठवड्यातच तपासणी करून घ्या आणि तोवर कवायत थांबवा. सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रे पुष्कळदा निर्दोष दिसतो. शंका कायम असेल तर एमआरआयविषयी विचारा. दुखणे नडगीच्या आतल्या कडेने वीतभर पसरलेले असेल आणि चालू लागल्यावर थोडे निवळत असेल, तर ती हाडावरच्या आवरणाची सूज असण्याचा संभव अधिक, आणि तिचा उपचार सहसा बँड सोडल्याशिवाय होतो. मासिक पाळी अनियमित झाली असेल किंवा सरावाच्या धावपळीत जेवणे चुकत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. हाडे कमकुवत होण्याचा त्याच्याशी थेट संबंध आहे.

तुम्हाला मिळालेला सल्ला वैद्यकीयदृष्ट्या कदाचित चुकीचा नसेल, पण तो सल्ला देण्याची रीत चुकली, आणि तिचा परिणाम असा की तुम्ही उपचारांपासूनच दूर गेलात. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2001 साली चांगल्या आरोग्यसेवेची सहा उद्दिष्टे मांडली आणि त्यांत रुग्णकेंद्री सेवेला सुरक्षिततेच्या बरोबरीने स्थान दिले. रुग्णाच्या इच्छा, गरजा आणि मूल्ये यांचा आदर राखून त्यांच्या आधारे निर्णय घेणे, असा तिचा आशय आहे. तुमच्या बाबतीत तिचा अर्थ एवढाच की डॉक्टरांनी आधी विचारायला हवे होते: वाद्य कोणते, ते कसे बांधता, वजन कशावर येते, पाऊल टाचेवरून लोळवत टाकता की गुडघा उचलून आपटता, मागे जाताना चवड्यांवर चालता का, सराव डांबरावर होतो की गवतावर, बूट किती जुने आहेत, आणि पुढचा सामना केव्हा आहे. या उत्तरांतून विश्रांती आणि पूर्ण सराव यांच्या मधल्या अनेक पायऱ्या सापडतात. कवायतीच्या वेळी बाजूला उभे राहून केवळ वाजवणे, वाद्य न बांधता नुसती पावले टाकणे, वाद्यासह निम्म्या वेळेचा सराव करणे, पोटऱ्या आणि नितंबांचे स्नायू बळकट करणे, असा क्रम आखून वादकाला हळूहळू परत आणता येते.

सर्वच डॉक्टरांना हे जग ठाऊक असेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्यांना ते दाखवावे लागते. दुसऱ्या भेटीला जाताना मार्चिंगचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, पट्ट्यांसह वाद्याचे छायाचित्र, आठवड्याच्या सरावाचे वेळापत्रक आणि बूट घेऊन जा. बोलण्याची सुरुवात 'मला हंगाम पूर्ण करायचा आहे, तो सुरक्षितपणे कसा करता येईल हे ठरवायला मदत करा' अशी करा. क्रीडा-वैद्यक किंवा कलावंतांच्या दुखण्यांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. वादक आणि नर्तक यांच्या आरोग्यासाठी काम करणारी परफॉर्मिंग आर्ट्स मेडिसिन असोसिएशन ही संस्था 1989 पासून अमेरिकेत आहे, आणि या विषयाकडे लक्ष देणारे डॉक्टर व थेरपिस्ट तिच्यामार्फत शोधता येतात.

जागा जाण्याच्या भीतीविषयी तुम्हाला दोष देणार नाही. वैद्यकीय कारणासाठी घेतलेल्या विश्रांतीत वादकाची जागा राखली जाईल आणि उपस्थितीचे गुण कापले जाणार नाहीत, असा लेखी नियम संचालक करत नाहीत तोपर्यंत मुले दुखणे लपवतच राहणार. तुम्ही डॉक्टरांकडून निदानाऐवजी केवळ 'अमुक आठवडे कवायत नको, वाजवण्यास हरकत नाही' एवढेच लिहिलेले पत्र घेऊन संचालकांना देऊ शकता. दुखणे दीर्घकाळ चालले तर विद्यापीठाच्या अपंगत्व-साहाय्य कार्यालयात जा. 1973 चा पुनर्वसन कायदा आणि 1990 चा अपंग नागरिकांसाठीचा कायदा बँडच्या वर्गालाही लागू होतात.

प्रश्न : ड्रमलाइनमध्ये, म्हणजे बँडच्या ढोलवादकांच्या रांगेत, वाजवल्यावर रात्री कानात शीळ वाजत राहते. सगळ्यांनाच होते, त्यामुळे दुर्लक्ष करावे काय?
एक विद्यार्थी

उत्तर : नाही. 85 डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो, पण दर 3 डेसिबलला ती मर्यादा निम्म्यावर येते, अशी अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेची, म्हणजे नायॉशची शिफारस आहे. त्या हिशेबाने 100 डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे उरतात, आणि ड्रमलाइनच्या मधोमध आवाज सहज तेवढा असतो. शीळ ही आतल्या कानातील पेशी दमल्याची खूण आहे आणि मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. साध्या फोमच्या बोळ्यांनी वरचे स्वर अधिक दबतात म्हणून वादक ते काढून टाकतात. सर्व स्वर सारखेच खाली आणणारे वादकांसाठीचे कर्णरक्षक घ्या आणि ते सरावालाही घाला. शीळ दुसऱ्या दिवशीही राहिली तर श्रवणतज्ज्ञांकडे जा. एका कानाला अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण त्यावरच्या औषधाचा उपयोग लवकर सुरू केले तरच होतो.

प्रश्न : कृपया माझे राज्यही छापू नये. बँडमध्ये नव्याने आलेल्यांना 'आपले' करून घेण्यासाठी बसमध्ये आणि राहत्या जागी जे केले जाते त्यात मला मार बसला आणि तासभर बैठका काढाव्या लागल्या. मांड्या सुजल्या आहेत. दवाखान्यात पडलो म्हणून सांगावे असे वरचे विद्यार्थी म्हणतात.

उत्तर : लघवीचा रंग कोलासारखा गडद झाला असेल, तिचे प्रमाण घटले असेल किंवा मांड्या दगडासारख्या घट्ट झाल्या असतील, तर हे वाचणे थांबवून आताच रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. मार आणि अतिश्रम यांनी स्नायू फुटले की त्यांतील द्रव्ये मूत्रपिंडे निकामी करू शकतात, आणि शिरेतून वेळीच दिलेले सलाइन त्यांना वाचवू शकते. तेथे 'पडलो' म्हणू नका. पडलेल्या माणसाचे डॉक्टर हाड पाहतात. ही तपासणी रक्ताची असते आणि खरे कारण सांगितले नाही तर ती राहून जाऊ शकते.

नोव्हेंबर 2011 मध्ये फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाच्या प्रसिद्ध बँडचा ड्रम मेजर, म्हणजे मैदानावर बँडचे नेतृत्व करणारा विद्यार्थी, रॉबर्ट चॅम्पियन हा 26 वर्षांचा तरुण सामन्यानंतर बँडच्याच बसमध्ये सहकाऱ्यांच्या मारहाणीत मरण पावला. ती मारहाणही परंपरा म्हणूनच चालत आली होती. तो बँड 2013 पर्यंत बंद ठेवण्यात आला आणि काही सहकाऱ्यांना शिक्षा झाल्या. 2024 च्या अखेरीस मंजूर झालेल्या संघराज्यीय कायद्याने विद्यापीठांना असे प्रकार नोंदवणे आणि जाहीर करणे बंधनकारक केले असून, त्यातील विद्यार्थी-संघटनेच्या व्याख्येत बँडचा स्पष्ट उल्लेख आहे. तक्रार करायची की नाही हे तुम्ही सावकाश ठरवू शकता. उपचारांना मात्र त्या निर्णयासाठी थांबवू नका. रात्री-अपरात्री मन फार खचले तर 988 या क्रमांकावर फोन करता येतो किंवा संदेश पाठवता येतो.

प्रश्न : आमची वीस वर्षांची मुलगी बँडमध्ये आहे. तिला चक्कर येऊन विद्यापीठाच्या दवाखान्यात नेले होते, हे आम्हाला तिच्या मैत्रिणीकडून कळले. दवाखान्याने काहीही सांगण्यास नकार दिला. फी आणि विमा आम्ही भरतो, मग आम्हाला अधिकार नाही काय?
एक वडील, इलिनॉय

उत्तर : कायद्याने नाही. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर किंवा महाविद्यालयात प्रवेश घेतल्यावर शैक्षणिक नोंदींवरचे हक्क विद्यार्थ्याकडे जातात, आणि दवाखान्यातील नोंदीही तिच्या संमतीशिवाय सहसा दिल्या जात नाहीत. जीव धोक्यात असेल तर अपवाद होतो. एरवी फी कोण भरते याने वैद्यकीय गोपनीयतेत फरक पडत नाही. मला हे योग्य वाटते, आणि बाप म्हणून तुम्हाला ते किती कठीण जात असेल हेही समजते.

उलट बाजूची एक गोष्ट तुमच्या लक्षात यावी अशी इच्छा आहे. विमा तुमच्या नावावर असल्यामुळे तिने घेतलेल्या प्रत्येक उपचाराचे लाभविवरण तुमच्या घरी येते, आणि ते येईल या धास्तीने अनेक मुले समुपदेशकाकडे किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जातच नाहीत. विमा कंपनीला विनंती करून ते पत्र मुलीच्याच पत्त्यावर पाठवण्याची सोय करता येते. ती सोय तुम्ही स्वतःहून तिला सुचवलीत तर ती तुम्हाला अधिक सांगू लागेल असा माझा अनुभव आहे.

चक्करेचे कारण ऊन, उपास, रक्तक्षय, पाळीतील अतिस्राव किंवा क्वचित हृदयाची गती यांपैकी काहीही असू शकते. श्रम करीत असताना, थांबल्यावर नव्हे, शुद्ध गेली असेल, किंवा तुमच्या घराण्यात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर हृदयाची तपासणी झाल्याशिवाय तिने मार्चिंग करू नये. घराण्याचा हा इतिहास दवाखान्याला ठाऊक नसतो, तो तुम्हालाच ठाऊक असतो. माहिती मागण्याचा अधिकार नसला तरी माहिती देण्याला कोणतीही आडकाठी नाही. मुलीला कल्पना देऊन तो दवाखान्याला लिहून कळवा, आणि आपत्कालीन संपर्क व माहिती देण्याची संमती यांचे दोन अर्ज तिने भरले आहेत का एवढे तिला विचारा. दुसऱ्या अर्जावर केवळ तातडीच्या प्रसंगापुरती संमती देण्याची मुभा बहुधा असते, आणि तेवढ्यावर सही करायला ती तयार होण्याचा संभव बराच आहे.